पाचव्या बॉक्सपासून

सुहास,

तुला जाऊन आज तेविसावा दिवस, आणि मी तुझ्याशी भांडायला बसलोय. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं असतं, ते माझं तुझ्या हॉलमध्ये सतरंजीवर बसून, चार लोकांत बोलून झालंय. आता आपण दोघंच आहोत. तर आता खरं सांग, पाचवा बॉक्स तू माझ्याआधी का फोडलास? आणि सहावा? आणि हा सातवा?

उगाच भोळा चेहरा करू नकोस. माझ्याकडे पुरावा आहे.

हे कुणी तिसऱ्याने वाचलं तर त्याला वाटेल, कसले बॉक्स नि कसलं काय. म्हणून आधी तेवढं सांगून टाकतो. आपण दोघं एका अमेरिकन गिटारवाल्याच्या मागे लागलेलो. जॅझ आणि रॉक एकत्र घुसळून वाजवणारा माणूस, कॉलेजात असताना कुणाकडून तरी मिळालेल्या कॅसेटवर पहिल्यांदा ऐकलेला. त्याचं नाव घरात कुणाला धड घेता यायचं नाही. शुभावहिनींनी एकदा विचारलं, ‘‘आज कुणाचं गाणं आहे?’’ तर तू म्हणालास, ‘‘आमच्या बुवांचं.’’ तेव्हापासून तो बुवा. बुवा आयुष्यात एक ओळ गायला नाही, पण ठाण्यात आणि डोंबिवलीत त्याला बुवाच म्हणायचे.

मग बुवा वारला, आणि कंपनीवाल्यांना जाग आली. जिवंत होता तोवर त्याच्या रेकॉर्डी कुठे मिळायच्या नाहीत. मेल्यावर एकदम बॉक्स सेट. जुने अल्बम पुन्हा साफ करून, सोबत ‘आजवर न ऐकलेले’ टेक, म्हणजे स्टुडिओत वाजवून बाजूला टाकलेली रेकॉर्डिंगं, जाडजूड पुस्तिका, वरती कडक पुठ्ठ्याची खोकी. वर्ष-दीड वर्षाने एक. तू पहिल्यापासून म्हणायचास, ‘‘नंद्या, मेलेल्या माणसाच्या घरात एवढ्या टेप सापडतात कशा रे? जिवंतपणी काय आंधळे होते सगळे?’’ मी म्हणायचो, ‘‘न ऐकलेलं म्हणजे त्यानेच फेकून दिलेलं. कचऱ्यातून काढून विकतायत.’’ आणि तरी दोघंही प्रत्येक बॉक्स मागवायचो. संशय घ्यायला तरी वस्तू समोर हवी ना.

आपलं असंच होतं. मी दूधवाल्यावर संशय घ्यायचो, तू रिक्षाच्या मीटरवर. कुरियरवाल्यावर दोघंही. म्हणूनच तर तो नियम केला, की बॉक्सचं सील दोघांच्या समोर फुटलं पाहिजे. एकट्याने हात लावायचा नाही. पार्सल तुझ्या पत्त्यावर यायचं, कारण तुमच्या बिल्डिंगला वॉचमन आहे आणि आमच्या डोंबिवलीजवळच्या कोपरला कुरियरवाला जिना चढायच्या आधीच ‘घरी कोणी नाही’ लिहून पळतो. रविवारी दहाला मी ठाण्याला यायचो. वहिनी पोहे द्यायच्या. मग तू बॉक्स टेबलावर ठेवायचास, आणि कापायचा मान माझा, कारण पॅकिंगचा माणूस मी. एमआयडीसीत तीस वर्षं दुसऱ्यांची खोकी गुंडाळण्यात गेली माझी. पुठ्ठ्यावर ओरखडा न उठवता मी वरचं प्लास्टिक एका बाजूने कापायचो, आणि ते तसंच बॉक्सवर राहू द्यायचो, स्टिकरसकट. तू सीडी लावायचास. संध्याकाळपर्यंत भांडण.

आता पुरावा.

तेराव्यानंतर वहिनींनी फोन केला. ‘‘भावोजी, ते तुमचे बॉक्स घेऊन जा हो. इथे बघवत नाहीत.’’ मी गेलेलो. त्यांनी सगळे टेबलावर मांडून ठेवलेले, आणि वरती सातवा, जो आपण अजून उघडलाच नव्हता. तू तीन रविवार पुढे ढकलत होतास. एकदा म्हणालास सर्दी आहे, एकदा कुणाचं तरी डोहाळजेवण, एकदा काहीच सांगितलं नाहीस. आणि मग त्या गुरुवारी... असो. वहिनी आत चहा टाकायला गेल्या आणि मी सातवा बॉक्स हातात घेऊन खिडकीशी उभा राहिलो. ऊन पडलं होतं त्याच्यावर. आणि सुहास, मी तो पुन्हा पुन्हा उलटसुलट करून बघितला.

वरचं प्लास्टिक माझं होतं.

परदेशातून येणाऱ्या बॉक्सच्या प्लास्टिकला बारीक टाचणीएवढी भोकं असतात, ओळीने. गरम हवा मारली की आतली हवा निघून जायला. मागे मधोमध एक जोड असतो. ह्याला भोकं नव्हती, आणि जोड तीन कडांना होता. कोपऱ्यांत सुरकुत्या. मशिनवर अशा सुरकुत्या पडत नाहीत, घरच्या हेअर ड्रायरने पडतात. आणि ही पातळ फिल्म आमच्याच कारखान्यातली. पावसाळ्यात तुझ्या जुन्या रेकॉर्डींच्या कव्हरांना बुरशी येते म्हणून मीच तुला एक रोल आणून दिलेला, वर कसं गुंडाळायचं ते शिकवलेलं. चांगला शिकलास रे!

मग मी बाकीचे सहाही बघितले. एक, दोन, तीन, चार, सगळे ठीक, भोकंबिकं जागच्या जागी. पाचव्यापासून माझी फिल्म. म्हणजे पाचवा आणि सहावा मी माझ्या हाताने, तुझ्यासमोर, ऐटीत कापलेले, आणि ते सील तू आधीच एकदा फोडून पुन्हा लावलेलं. तीस वर्षांचा पॅकिंगवाला मी, आणि मला कळलं नाही! सगळ्या जगावर संशय घेतला, तुझ्यावर घ्यायचं सुचलंच नाही कधी. याचाच राग जास्त आहे.

वहिनी चहा घेऊन आल्या. माझ्या हातातला बॉक्स बघितला आणि पटकन म्हणाल्या, ‘‘साखर बरोबर आहे ना?’’ मी कप तोंडाला लावलाही नव्हता. तिथेच मला कळलं, यांना माहितेय.

कोपरला परत आलो ते डोकं फिरलेलं. बॉक्स कॉटवर टाकले आणि एकेक रविवार आठवायला लागलो. पाचव्या बॉक्सपासून तू फार हुशार झालेलास. आधी तू नुसता ‘वा’ आणि ‘हॅट्’ म्हणणारा माणूस. पण पाचव्या बॉक्सच्या वेळी, दुसरी सीडी, तिसरा टेक, तू डोळे मिटून बसलेलास आणि म्हणालास, ‘‘हा माणूस दमलाय, नंद्या. हात चालतोय, पण हा दमलाय.’’ मी चाट पडलो. मी म्हणालो, ‘‘काहीतरी बोलू नकोस, ही त्याची बेस्ट वाजवणी आहे.’’ त्यावर आपण दोन महिने भांडलो. आणि एक दिवस मी गुपचूप तो टेक पुन्हा ऐकला, आणि मला पण तो दमलेलाच वाटला. ते मी तुला कधी सांगितलं नाही. आता सांगतोय.

तर मला वाटलं, तुझा कुणीतरी दुसरा आहे. माझ्यापेक्षा जाणकार. शनिवारी त्याच्याबरोबर बॉक्स फोडायचास, त्याची मतं ऐकून ठेवायचास आणि रविवारी माझ्यासमोर स्वतःची म्हणून टाकायचास. मला रविवारचा उरलासुरला माल! हसशील तू, पण त्या रात्री मला तू गेल्याचं दुःख नव्हतं. आपले ते रविवार खोटे होते की काय, ह्याचीच भीती होती. माणूस गेला तर निदान झालेलं तरी राहतं ना आपल्याकडे? तूच ते पण घेऊन गेलास की काय?

आणि भराभर जुळायला लागलं. तू खुर्ची बदललीस. एसीचा वारा लागतो म्हणालास आणि माझ्या उजव्या बाजूला येऊन बसायला लागलास. आवाज वाढवायला लागलास. वर भांडण काढलंस, की कंपनीने साफ करता करता वरचं सगळं कापलंय, ड्रमच्या थाळ्याच ऐकू येत नाहीत. मी म्हणायचो, आहेत की ढीगभर थाळ्या. तू म्हणायचास, ‘‘डोंबिवलीच्या हवेने तुझ्या कानात काजळी धरलीये.’’ ते भांडण तर अजून तसंच पडून आहे. मी कंपनीला पत्र लिहायलासुद्धा बसलेलो, तुझ्या बाजूने, माहितेय? म्हटलं, सुहास म्हणतो म्हणजे काहीतरी काळंबेरं असणार.

दोन दिवस काढले आणि तिसऱ्या दिवशी मनूला फोन केला. तुझी लेक, तिच्याशी आडवळणाने बोलता येत नाही. म्हटलं, तलावपाळीवर भेट, घरी नको. ती ऑफिसातून आली, बाकावर बसली, मी सरळ विचारलं, ‘‘मनू, बाबा बॉक्स कुणाबरोबर ऐकायचे? नाव सांग.’’

ती माझ्याकडे बघतच राहिली. ‘‘माझ्याबरोबर, नंदूकाका.’’

‘‘तू? तुला कुठे आवडतं ते?’’

‘‘अजिबात नाही आवडत! मला मिक्सर लावल्यासारखं वाटतं. सॉरी हां. पण बाबांना ऐकू येत नव्हतं ना. मी हेडफोन लावून ऐकायचे आणि त्यांना सांगायचे, आता गिटार एकटीच आहे, आता ड्रमवाला घाई करतोय, आता सगळे एकदम गप्प झाले. ते लिहून घ्यायचे, मिनिटासकट.’’

मला वाटलं मी चुकीचं ऐकतोय. म्हटलं, ‘‘ऐकू येत नव्हतं म्हणजे?’’

‘‘उजवा कान पूर्ण गेलेला. डावा अर्धाच. वरचे बारीक आवाज तर अजिबात नाही.’’

ड्रमच्या थाळ्या, सुहास! कंपनीने कापल्या नव्हत्या. आणि मी तुझ्या बाजूने पत्र लिहायला बसलेलो.

तिने पर्समधून वही काढली. साधी दोनशे पानी, तुझं ते डावीकडे कललेलं अक्षर. बॉक्स पाच, सीडी दोन, तीन नंबर, पुढे लिहिलेलं, ‘मनू म्हणते हा माणूस दमलाय.’ आणि खाली कंसात, ‘नंद्याला पटणार नाही.’ म्हणजे मी दोन महिने ज्याच्याशी भांडलो, ते त्या पोरीचं मत. मिक्सरवालीचं! मी तिथेच हसायला लागलो. ती पण हसली, आणि मग दोघांनाही रडू आलं. शेजारच्या बाकावरचे आजोबा उठून दुसरीकडे जाऊन बसले.

वहीत पुढे पुढे तू मलाच लिहून ठेवलंयस. ‘इथे नंद्या मान हलवेल, तेव्हा आपण हलवायची.’ ‘इथे तो बोट वर करेल, मग गिटार येते.’ अरे, तू संगीत ऐकतच नव्हतास रे, तू मला बघत होतास. मी बोलायला लागलो की तू माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचास, आणि मी मनात म्हणायचो, काय मन लावून ऐकतो हा माणूस, बायकोसुद्धा असं ऐकत नाही माझं. वाचत होतास होय ओठ!

मग मी तिला विचारलं, मशीन का नाही लावलं कानाला. तिने खाली मान घातली.

‘‘होतं ना मशीन. सोमवार ते शनिवार घालायचे. रविवारी दहाला तुमची बेल वाजली की काढून ड्रॉवरमध्ये ठेवायचे.’’

‘‘का? माझ्यापासून काय लपवायचं?’’

मी पुन्हा विचारलं, जरा आवाज चढवूनच. तेव्हा म्हणाली, ‘‘बाबा म्हणायचे, नंदूला कळलं तर रविवार बंद होतील. वसंतकाकांचे झाले तसे.’’

आता इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. वर मी सगळीकडे ‘आपण दोघं’ लिहिलंय. ते खरं नाही. पहिले तीन बॉक्स आपण तिघांनी उघडलेत. वसंतराव शहाडहून यायचे, तिथल्याच मोहने गावच्या कारखान्यात नोकरी करून रिटायर झालेले, आपल्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. ती पहिली कॅसेट ज्या ‘कुणाकडून तरी’ मिळाली म्हटलं, ते तेच. मी नाव गाळलं. लिहिताना हात आपोआप पुढे गेला.

त्यांना मशीन लागलं, आणि ते मशीन शिट्टी मारायचं. बुवा अगदी हळू वाजवत असला की नेमकी मध्येच शिट्टी. तिसऱ्या बॉक्सच्या दिवशी चार-पाच वेळा झालं. खाली उतरताना जिन्यात मी तुला म्हणालो, ‘‘यांना आता भजनी मंडळात पाठव. बहिऱ्या माणसाबरोबर काय ऐकायचं, डोंबल?’’ चौथा बॉक्स आला तेव्हा तू म्हणालास, वसंतराव विचारत होते. मी म्हणालो, ‘‘सांग, आला नाही अजून.’’ आणि तू तसं सांगितलंस. माझ्यासाठी खोटं बोललास. आपण दोघांनी चौथा उघडला, पोहे खाल्ले, भांडलो, आणि मला त्यांची एकदाही आठवण झाली नाही.

तुला झाली असणार. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तुझा कान जायला लागला. काय वाटलं असेल रे तुला? मी इथे तुझ्यावर संशय घेत बसलोय, आणि तू तर चार वर्षं माझ्यावर घेत होतास. दर रविवारी, समोर बसून, पोह्यांची बशी पुढे करत.

मला फार वाटतं लिहावं, की वेड्या, तुला कसा टाकला असता मी? पण तुझ्याशी खोटं बोलायचं नाहीये आज. मला माहीत नाही, सुहास. खरंच माहीत नाही. कदाचित मी यायला लागलो असतो पंधरा दिवसांनी, मग महिन्याने, मग पावसाचं निमित्त, मग गुडघ्याचं. मी तसा माणूस आहे हे तू ओळखलंस, आणि तरी मला सोडलं नाहीस. उलट माझे रविवार जाऊ नयेत म्हणून लेकीला बसवून, वही घालून, हेअर ड्रायर हातात घेऊन एवढा खटाटोप केलास. कुणी कुणासाठी एवढं करतं का रे? आणि सांगितलं असतंस तर निदान एकदा मला लाज वाटायची संधी तरी मिळाली असती. आता कुणापुढे वाटून घेऊ?

वहीत सातव्या बॉक्सच्या दोनच सीडी झाल्यात. तिसरीचा नुसता नंबर घातलेला. म्हणून तू ढकलत होतास रविवार, अभ्यास पुरा झाला नव्हता तुझा. मनू म्हणाली, ‘‘मी ऑफिसच्या कामात होते काका, वेळ नाही दिला.’’ मी तिला म्हटलं, तू काहीही मनाला लावून घेऊ नकोस. दिला तेवढा पुष्कळ दिलास.

काल सकाळी मी सातवा बॉक्स पिशवीत घातला आणि शहाडला गेलो. फोन केला नाही. फोनवर त्यांना कळत नाही, हे कारण, आणि दुसरं कारण भीती. बिल्डिंग तीच, नदीच्या बाजूची. दुसरा मजला चढताना दोनदा थांबलो. वाटलं, ओळखणार नाहीत. वाटलं, ओळखतील आणि दार लावून घेतील. तेच बरं होईल असंही वाटलं.

दार त्यांनीच उघडलं. बारीक झालेत खूप. गंजी आणि लुंगी, कानामागे मशीन. माझ्याकडे बघितलं, मग हातातल्या पिशवीकडे बघितलं, आणि तोंडभर हसले.

‘‘आला का बॉक्स? किती वर्षं लावली रे ह्यांनी!’’

सुहास, त्या माणसाने तुझ्या शब्दावर संशयच घेतला नव्हता. आला नाही म्हणजे आला नाही. वाट बघत होते.

मी मान हलवली. ते बाजूला झाले, मला आत घ्यायला, पण दार लावेनात. माझ्या खांद्यावरून जिन्याकडे बघत उभे राहिले.

‘‘सुहास खाली गाडी लावतोय वाटतं? येऊ दे, येऊ दे. दोन-दोन मजले चढून धाप लागते आता सगळ्यांनाच.’’

मी म्हटलं, ‘‘वसंतराव, सुहास गेला.’’

‘‘आँ?’’ त्यांनी कानामागे हात धरला आणि वाकून पुढे आले.

इतक्या दिवसांत सगळे मलाच सांगत आलेले. मी कुणाला सांगितलंच नव्हतं, सांगायला कुणी उरलंच नव्हतं. आता मला ते ओरडून सांगायला लागणार होतं, जिन्यात, दार उघडं असताना. मी त्यांचा दंड धरला, तोंड त्यांच्या कानाशी नेलं आणि जिवाच्या आकांताने ओरडलो, ‘‘सुहास गेला, वसंतराव! आपला सुहास गेला!’’

समोरच्यांचं दार उघडलं. वसंतराव माझ्याकडे बघत राहिले. आणि तेव्हा कुठे मला स्वतःला ते ऐकू आलं.